सोनाराने कान टोचले, पण सुई कोणती होती?

दिवाळीच्या कार्यक्रमात एका ताईंनी आम्हांला विचारले, "मुलीचे कान इथे मॉलमध्ये टोचावेत, की सुट्टीत घरी गेल्यावर सोनाराकडून?" उत्तर शोधताना न्यूयॉर्क शहराची एक हकिगत हाती लागली, ती येथे देत आहोत.

गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कमधल्याच सॅम्युअल ओ'रायली यांनी घेतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस शहरात हिपॅटायटिस बी या काविळीचे रुग्ण आढळले. आरोग्यखात्याने त्याचे खापर कोनी आयलंडच्या गोंदण्याच्या दुकानांवर फोडले आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून गोंदण्यावर सरसकट बंदी आली. मुभा फक्त डॉक्टरांना, तीही औषधोपचारापुरती. फ्रेड ग्रॉसमन हे व्यावसायिक कोर्टात गेले. पण १९६६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. हा निर्णय आज कठोर वाटतो. मात्र बंदी आली तेव्हा या रोगाचा विषाणूही सापडलेला नव्हता; लस तर १९८१ साली आली, हे विसरून चालणार नाही.

बंदीने गोंदणे थांबले का? नाही. दुकानांच्या पाट्या उतरल्या आणि धंदा घरांत, तळघरांत गेला. तिथे तपासनीस जाणार कसा? अखेर ३६ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहराने बंदी उठवली आणि गोंदणाऱ्याला परवाना व संसर्ग टाळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. मॅसॅच्युसेट्सची १९६२ ची बंदी २००० साली कोर्टाने रद्द केली. ओक्लाहोमाने २००६ मध्ये, सर्व राज्यांच्या शेवटी, परवानगी दिली.

या साऱ्याच्या मुळाशी साधे रसायनशास्त्र आहे. सुई स्पिरिटने पुसली म्हणजे निर्जंतुक झाली, असे नव्हे. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सियसला जंतूंची प्रथिने गोठवते, अंडे उकडल्यावर घट्ट होते तशी. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचेच! कोरड्या उष्णतेला याच कामासाठी १६० अंशांवर दोन तास लागतात. मेणबत्तीवर क्षणभर धरलेल्या सुईवर म्हणूनच भिस्त ठेवता येत नाही.

आता ताईंचा प्रश्न. अनेक राज्यांनी कानाची पाळी यंत्राने टोचणे या नियमांतून वगळले आहे. म्हणजे दंडावर गोंदून घेणाऱ्या तरुणाला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते आपल्या सहा महिन्यांच्या बाळाला असेलच असे नाही. कान टोचायच्या पिस्तुलाचे प्लास्टिक ऑटोक्लेव्हची उष्णता सहसा सोसत नाही. तेव्हा मॉल असो वा सोनार, दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सुई नवी व सीलबंद आहे का? बाळाला लागणारी बाकीची साधने एकदाच वापरायची किंवा ऑटोक्लेव्ह केलेली आहेत का? बालरोगतज्ज्ञाकडे सोय असल्यास उत्तमच. हिपॅटायटिस बी ची लसही आधी पूर्ण झालेली असावी.

सोनारानेच कान टोचावे लागतात, असे आपण म्हणतो. न्यूयॉर्क शहराचे कान टोचले जायला ३६ वर्षे लागली. आपल्याला सुई पाहायला एक मिनिट पुरेल.