अस्थिस्नायुपरीक्षण : उपचारकांचे अनुवर्ती शिक्षण

अस्थी, सांधे, स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि मज्जातंतू यांपैकी नेमका कोणता घटक रुग्णाच्या वेदनेस अथवा असमर्थतेस कारण झाला आहे, हे प्रश्न, दृष्टी, स्पर्श, हालचाल आणि साधी मोजमापे यांच्या साहाय्याने ठरविण्याच्या विद्येस अस्थिस्नायुपरीक्षण म्हणतात. आणि पदवी व नोंदणी पदरी पडल्यानंतरही भौतिकोपचारकाने व हस्तोपचारकाने ही विद्या वेळोवेळी पारखून घ्यावी यासाठी चालणारे वर्ग, प्रात्यक्षिके, रुग्णचर्चा व परीक्षा यांना मिळून तिचे अनुवर्ती शिक्षण म्हणता येईल. हस्तोपचारक हा स्वतंत्र पदवीचा मनुष्य नव्हे. भौतिकोपचार किंवा व्यवसायोपचार शिकून पुढे हाताच्या विकारांना वाहून घेतलेला तो उपचारक होय. या शिक्षणाचे प्रयोजन नव्या ज्ञानाची भर घालणे हे असल्याचे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खोटे नाही; परंतु जी परीक्षा हाताने करावयाची ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नकळत बदलत जाते, तो बदल पकडणे हे त्याचे अधिक निकडीचे काम आहे.

या परीक्षणाची आजची तर्कबद्ध बैठक पुष्कळ अंशी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिअक्स (१९०४–८५) यांची आहे. मांसल भागातील बहुतेक विकारांची खूण क्ष-किरण छायाचित्रात उमटत नाही, सबब प्रत्येक घटकावर स्वतंत्रपणे ताण देऊन तो दुखतो की नाही हे पाहावे, अशी त्यांची पद्धती असून तीवरील ग्रंथ त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. सांधा न हलू देता रुग्णाला जोर करावयास लावले असता स्नायू व कंडरा यांची परीक्षा होते; रुग्णाने अंग सैल सोडले असता परीक्षकाने सांधा फिरविला म्हणजे मुख्यतः संधिकोश व अस्थिबंध यांची होते. कोपराच्या बाहेरील बाजूस दुखणारा मनुष्य मनगट वर उचलण्यास विरोध झाला की कळवळतो, पण त्याचे कोपर दुसऱ्याने वाकविले अथवा ताणले तर फारशी तक्रार करीत नाही, एवढ्यावरून दोष सांध्याचा नसून कंडरेच्या मुळाचा आहे असा अदमास बांधता येतो. संधिकोश आवळला की प्रत्येक सांध्याच्या हालचाली ठराविक क्रमाने कमी होतात, हा त्यांचा सिद्धांत खांद्याला बराच लागू पडला, गुडघा व खुबा यांच्या बाबतीत मात्र तितकासा टिकला नाही. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड व न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेन्झी यांनी पुढे आपापल्या परीक्षणपद्धती रचल्या आणि त्यांच्या नावाचे पदव्युत्तर वर्ग देशोदेशी चालू झाले.

हाताचे प्रकरण निराळे आहे. सत्तावीस अस्थींच्या या अवयवाला चालविणारे बरेचसे स्नायू अग्रबाहूत बसलेले असतात आणि त्यांच्या लांब कंडरा एकामागून एक सांधे ओलांडीत बोटांपर्यंत पोचतात. त्यामुळे एका सांध्याची स्थिती बदलली की दुसऱ्या सांध्याच्या परीक्षेचा निकाल बदलतो. बोटाचे मधले पेर मुळाचा सांधा सरळ ठेवला असता वाकत नाही, पण तोच सांधा वाकविला की सहज वाकते, तर आखडलेले आहेत ते तळहातातील लहान स्नायू, पेराचा सांधा नव्हे. ही परीक्षा अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांच्या नावाशी जोडलेली आहे. भारतापुरते पाहिले तर १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले पॉल ब्रँड यांचे कार्य सर्वांत मोलाचे ठरते. कुष्ठरोग्याची बोटे कुजून गळत नाहीत, संवेदना गेल्याने लक्षात न आलेल्या जखमांमुळे ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून हाताच्या कोणत्या भागास स्पर्श कळतो व कोणत्या भागास कळत नाही याचा नकाशा काढणे हा परीक्षणाचा अविभाज्य भाग झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे विद्यालय उघडले, तेव्हा या देशात त्या शिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली गेली.

परीक्षा हातोहात कशी बदलते याचे नमुनेदार उदाहरण अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या, फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णिलेल्या कंडरावरणाच्या विकाराचे आहे. हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० मध्ये सांगितलेल्या परीक्षेत परीक्षक स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीच्या बाजूस झुकवितो. अंगठा मुठीत कोंबून मनगट त्याच बाजूला वळवावयास लावण्याची रीत तीन वर्षे आधीची, आयखहॉफ यांची. आणि ती निरोगी माणसालाही दुखवू शकते. तथापि असंख्य दवाखान्यांत ही दुसरी रीत पहिलीच्या नावाने चालते. ज्याने ती वरिष्ठाकडून अशीच उचलली, त्याने ती कनिष्ठाला अशीच शिकविली. यात कोणाचा आळस नाही, परंतु निरोगी मनगटाच्या माथी रोग मारला जाण्याची वाट त्यातूनच निघते. अशी गोष्ट पुस्तक वाचून सुधारत नाही, कारण वाचणाऱ्याला आपण तेच करतो असे प्रामाणिकपणे वाटत असते. कोणीतरी शेजारी उभे राहून त्याचा हात पाहावा लागतो.

मोजमापांचीही तीच कथा. मुठीची पकड मोजण्याच्या यंत्राला पाच खाचा असतात, आणि कोपर काटकोनात ठेवून दुसऱ्या खाचेवर तीन वेळा मोजून सरासरी काढावी असा शिरस्ता आहे. रुग्ण एकदा उभा व एकदा बसलेला असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना निरर्थक होते. कोनमापकाने सांधा मोजताना पाचेक अंशांची चूक गृहीत धरावी लागते, म्हणून तीन अंशांच्या सुधारणेचा आनंद दप्तरात नोंदविण्याचे कारण नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता दोन प्रवृत्ती दिसतात. अमेरिकेतील अनेक राज्ये परवाना नूतनीकरणासाठी शिक्षणाचे ठराविक तास मागतात. तेथे हस्तोपचारकांची संघटना १९७७ मध्ये स्थापन झाली आणि प्रमाणित हस्तोपचारकाची पहिली परीक्षा १९९१ मध्ये घेण्यात आली. त्या दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते. ब्रिटनमधील नियामक परिषद तासांचा हिशेब मागत नाही. दर दोन वर्षांच्या नूतनीकरणाच्या वेळी शेकडा अडीच सभासद चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, शिकलेल्याचा रुग्णास काय उपयोग झाला याची कैफियत त्यांच्याकडून घेते. दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते; तासांच्या हजेरीपटावर सही करून मागच्या बाकावर डुलकी घेणारा विद्यार्थी सर्व देशांत सारखाच. भारतात २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने भौतिकोपचार व व्यवसायोपचार या दोन्ही व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली.

वर्गांच्या रूपांपैकी सर्वांत फलदायी ठरते ती जोडीची परीक्षा. दोन उपचारक एकाच रुग्णास वेगवेगळे तपासतात, आपले निष्कर्ष एकमेकांना न दाखविता लिहून ठेवतात आणि मगच ताडून पाहतात. बोटे बधिर होणारी बाई यासाठी उत्तम, कारण मज्जातंतू मनगटात दाबला गेलेला असू शकतो, मानेत दाबला गेलेला असू शकतो आणि दोन्ही ठिकाणीही. अप्टन व मॅककोमास यांनी १९७३ मध्ये मांडलेली दुहेरी दाबाची कल्पना हीच होय. एकाने मनगटावर टिचक्या मारून तेथेच थांबावे व दुसऱ्याने मान वळवून पाहावी, आणि दोघांचे कागद शेजारी ठेवल्यावर पहिल्याला आपण मानेला हातच लावला नाही हे कळावे, एवढ्यासाठी व्याख्यानगृह लागत नाही. एक खाट, एक रुग्ण आणि दोघांना पुरेल एवढा वेळ असला की झाले.