गहुंज्याचे क्रीडांगण आणि परके यजमान

आपल्याकडील नाटक मंडळ्या गावोगाव हिंडत असत. किर्लोस्कर मंडळी काय किंवा गंधर्व मंडळी काय, त्यांचा मुक्काम आज पुण्यास तर उद्या दुसऱ्या गावी पडे, आणि मंडळी निघून गेली म्हणून कोणत्याही गावास आपला अपमान झाला असे वाटत नसे. कारण मंडळीच्या नावात गावाचे नाव नव्हते. क्रीडासंघाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो गावाचे नाव मिरवितो, त्या नावावर लोकांकडून टाळ्या, पैसा आणि प्रेम घेतो, व गावकऱ्यांची पोरे त्याच्या जयापजयावर रात्र रात्र वाद घालतात. असा संघ एके दिवशी बिऱ्हाड उचलून परगावी गेला, किंवा कागदावरील एका ओळीने नाहीसाच झाला, तर मागे राहिलेल्या गावाने काय समजावे? हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत जुना आहे. आमच्याकडे तो गेल्या पंधरा वर्षांत उद्भवला, आणि योगायोगाने त्याचे मुख्य ठिकाण ठरले आमचे मावळ.

प्रथम परदेशाचा दाखला पाहू. कॅनडा व अमेरिका येथे बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे व्यवसायी संघ हे धनिकांच्या मालकीचे असतात, आणि तिकिटांचे उत्पन्न हा त्यांचा एक मुख्य आधार असतो. प्रेक्षक घटले, की मालक दुसरे शहर शोधू लागतो. १९९५ साली क्विबेकचा संघ डेन्व्हरला गेला; १९९६ मध्ये विनिपेगचा संघ दूर अॅरिझोनाच्या वाळवंटात नेण्यात आला; १९९७ मध्ये हार्टफर्डचा संघ उत्तर कॅरोलायनात गेला. विनिपेग हे कडक थंडीचे, हॉकीवेडे शहर. त्याने पंधरा वर्षे वाट पाहिली, आणि २०११ साली अटलांटा येथील संघ चालेनासा झाला तेव्हा तो विनिपेगने मिळविला. हंगामभराची १३,००० तिकिटे काही दिवसांतच संपली, व गेलेल्या संघाचेच जुने नाव नव्या संघास देण्यात आले. इकडे अॅरिझोनाचा संघ अखेरीस एका विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या छोट्या क्रीडागृहात खेळू लागला. नवे क्रीडागृह बांधावे की नाही ह्यावर टेंपी गावच्या मतदारांचा कौल २०२३ च्या मे महिन्यात घेण्यात आला. लोकांनी नकार दिला, आणि २०२४ मध्ये तो संघ युटा प्रांतात गेला. ह्या हकिकतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: तेथे निदान लोकांस विचारण्यात आले.

आता पुण्याकडे वळू. खेळाची आवड नसलेले शहर, असा आरोप पुण्यावर कोणी करू शकणार नाही. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या त्या वेळच्या ४५२ धावांच्या उच्चांकास अवघ्या नऊ धावा कमी असताना प्रतिपक्षाने खेळच सोडून दिला. १९९६ च्या विश्वचषकात नेहरू स्टेडियमवर केनियासारख्या नवख्या संघाने वेस्ट इंडीजला हरविले. ह्या मैदानांवर जमणारे प्रेक्षक चालत किंवा सायकलीवरून येत, आणि महाराष्ट्राचा संघ त्यांस आपला वाटे. कारण तो खरोखरच आपल्या शाळा-महाविद्यालयांतून व जिमखान्यांतून निपजलेला होता.

पुढे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने स्वतःच्या मालकीचे मैदान बांधावयाचे ठरविले, आणि जागा निवडली ती पुण्यात नव्हे, तर मावळ तालुक्यातील गहुंजे येथे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काठी. आराखडा विलायतेतील हॉपकिन्स यांच्या संस्थेचा. आसने सुमारे सदतीस हजार. एका बाजूस पवनेचे खोरे, दुसरीकडे घोरावडेश्वराचा डोंगर, आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलची बेगडेवाडी व देहूरोड ही जवळची स्थानके. जागा देखणी खरी. पण मध्यरात्रीच्या सुमारास सामना सुटल्यावर नारायण पेठेतील किंवा हडपसरच्या कुटुंबाने घरी कसे परतावे, ह्याचा विचार जागा निवडताना कितपत झाला असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्या मैदानावर पुण्याचा म्हणून जो पहिला व्यवसायी संघ यावयाचा होता, त्याचे नाव पुणे वॉरियर्स. २०१० साली सहारा समूहाने तो सदतीस कोटी डॉलर इतकी प्रचंड बोली लावून घेतला. २०११ चा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा गहुंज्याचे मैदान तयार नव्हते. म्हणून पुण्याच्या ह्या संघाने घरचे सामने नवी मुंबईत नेरूळ येथे खेळले! म्हणजे ज्याचे घर अद्याप बांधून झालेले नाही असा हा यजमान होता. २०१२ च्या एप्रिलात तो गहुंज्यास आला, व मैदानासही मालकाचेच नाव देण्यात आले. सौरव गांगुलीसारखा विख्यात खेळाडू त्याचा कर्णधार होता. परंतु दहा संघांत नववा, नऊ संघांत नववा आणि पुन्हा नऊ संघांत आठवा, अशी त्याची तीन वर्षांची कामगिरी झाली. ठरल्याहून कमी सामने मिळाले म्हणून शुल्क कमी करावे, असा मालकांचा नियामक मंडळाशी तंटा पडला. २०१३ च्या मे महिन्यात मालकांनी अंग काढून घेतले आणि ऑक्टोबरात मंडळाने करार संपुष्टात आणला. मैदानावरील नावही गेले. तीन हंगामांत एक संघ जन्मला, फिरला आणि मेला.

२०१५ मध्ये पंजाबच्या संघाने आपले काही घरचे सामने येथे खेळले. त्याच वर्षाच्या अखेरीस चेन्नई व राजस्थान ह्या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आल्यामुळे त्यांच्या जागी जे दोन तात्पुरते संघ निर्माण झाले, त्यांतील एक पुण्याच्या नावाचा होता. त्याचे मालक मात्र कोलकात्याचे उद्योगपती. २०१६ चा उन्हाळा महाराष्ट्रात भीषण दुष्काळाचा होता. मैदानांवर पाणी शिंपडावयाचे की माणसांस पाजावयाचे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि एप्रिलअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा हुकूम झाला. १ मे च्या सामन्यापुरती सवलत मिळाली; त्यानंतर पुण्याचा संघ आपले घर विशाखापट्टणमला घेऊन गेला. पुढील वर्षी ह्याच संघाने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि हैदराबाद येथे मुंबईकडून केवळ एका धावेने हार खाल्ली. पुणेकरांस हा संघ आपला वाटू लागला न लागला तोच, मुदत संपली म्हणून तोही विसर्जित झाला.

यापुढची हकिकत तर अधिकच विलक्षण आहे. २०१८ साली कावेरीच्या पाणीतंट्यावरून तमिळनाडूत असंतोष उसळला, आणि चेन्नई येथे एक सामना होताच तेथील उरलेले सहा सामने गहुंज्यास हलविण्यात आले. सुमारे एक हजार चेन्नईकर खास आगगाडीने पुण्यास आले. मैदान पिवळ्या रंगाने भरून गेले. आणि त्यात तमिळ मंडळींइतकेच, किंबहुना अधिकच, मराठी लोक होते. पुण्याचे नाव धारण करणाऱ्या संघांस जे प्रेम पुरते लाभले नाही, ते पाहुण्या म्हणून आलेल्या चेन्नईस सहज लाभले. पाण्याच्या टंचाईमुळे पुण्याचा संघ येथून गेला, आणि पाण्याच्या तंट्यामुळेच चेन्नईचा येथे आला. दैवाची थट्टा ती हीच!

फुटबॉलची कथा मावळच्या हद्दीबाहेर, बालेवाडीस घडली. पण ती ह्याच मालिकेतली आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या राष्ट्रीय साखळीत उपविजेता ठरला, आणि २०१५ मध्ये बंद पडला. २०१४ साली आलेला एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये मालकांची आर्थिक स्थिती ढासळताच त्याची जागा हैदराबादला देण्यात आली. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद मिळविले, आणि तरीही २०२५ मध्ये तो संघ दिल्लीस हलविला गेला. दिल्लीचा स्वतःचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे, संगीतखुर्चीचा हा खेळ फुटबॉलहून अधिक रंगला असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या सर्वांत प्रेक्षकांचा दोष किती? मैदान रिकामे राहते म्हणून संघ जातात, हे सूत्र उत्तर अमेरिकेतील हॉकीस बऱ्याच अंशी लागू पडते. आमच्या क्रिकेटला ते लागू पडत नाही. २०२० साली साथीमुळे ही स्पर्धा अरबी अमिरातीत, एकही सामान्य प्रेक्षक आत न घेता, पार पडली. आणि २०२२ मध्ये पुढील पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. जेथे उत्पन्नाचा मोठा भाग घरोघरच्या पडद्यावरून येतो, तेथे मैदानातील प्रेक्षक हा ग्राहक राहत नाही. तो देखाव्याचा भाग बनतो. त्याच्या येण्याने संघ वाचत नाही, आणि न येण्याने मरतही नाही. पुण्याचे संघ गेले ते मालकांचे तंटे, मुदतीचे करार आणि न्यायालयाचे हुकूम ह्यांमुळे. पुणेकर उदासीन आहेत म्हणून पुण्यास संघ टिकत नाही, हा आक्षेप आम्हांस म्हणूनच अन्यायाचा वाटतो. २०२३ च्या विश्वचषकात १९ ऑक्टोबर रोजी भारत-बांगलादेश सामन्यास हेच गहुंजे दुथडी भरून वाहत होते.

परंतु प्रेक्षकांच्या बाजूने एवढे बोलून झाल्यावर, ज्यांची बाजू कोणी मांडीत नाही त्या मावळवासीयांचाही विचार केला पाहिजे. ज्या वर्षी पुणे वॉरियर्स प्रथम खेळला, त्याच २०११ सालच्या ९ ऑगस्टला, पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. ह्या घटनेचा क्रिकेटशी संबंध नाही, हे उघड आहे. पण पाणी, जमीन आणि रस्ता मावळचा, व नाव, नफा आणि निर्णय दुसऱ्यांचा, ही व्यवस्था दोन्हीकडे एकच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांस पिण्याचे पाणीही वेळेवर मिळाले नाही, व संघटनेस जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिकडे त्याच तालुक्यातील गावांच्या यात्रांत कुस्त्यांच्या फडास आणि बैलगाड्यांच्या शर्यतीस, कोणतीही जाहिरात न करता, माणसांचा पूर लोटतो. कारण ते घाट आणि ते आखाडे कोणी विकत घेऊन परगावी नेऊ शकत नाही.

टिकाऊ गोष्टी कशा उभ्या राहतात, ह्याचा धडा खुद्द मावळानेच दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेविला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावरील लेखांत वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीचे नाव आहे. पण त्याच्या एकट्याच्या पैशावर ते लेणे उभे राहिले नाही. धेनुकाकटाहून आलेल्या अनेकांनी, त्यांत यवनही होते, एकेक खांब दान दिला, आणि आपापले नाव त्यावर कोरविले. ज्याने एक खांब दिला, त्याचाही त्या वास्तूवर हक्क राहिला. गहुंज्यास मात्र एकाच धनिकाचे नाव साऱ्या मैदानास दिले गेले, आणि पहिली दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच ते पुसावे लागले.

आजच्या काळीही हे अशक्य नाही. अमेरिकेतील ग्रीन बे ह्या लहानशा गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून हजारो भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. मोठमोठ्या शहरांचे संघ स्थलांतर करून गेले, तो मात्र जागचा हलला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये गहुंज्यावर सुरू झाली. तीत कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, रत्नागिरी अशा नावांचे संघ होते, पण पहिल्या वर्षीचे सारे सामने मावळातच झाले. रत्नागिरीकरांस आपला विजयी संघ घरच्या अंगणात पाहावयास मिळाला नाही. नाव गावाचे आणि गाव दूर, ही जुनीच चूक आहे. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात वाढलेला ऋतुराज गायकवाड २०२४ मध्ये चेन्नईचा कर्णधार झाला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या अभिमानात थोडी खंतही मिसळलेली आहे.

तेव्हा पुण्यास पुन्हा एखादा विकत आणलेला संघ मिळावा, अशी प्रार्थना करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. एक संघ आपल्यापाशी आहेच. देवधरांचा आणि निंबाळकरांचा महाराष्ट्र अद्याप रणजी करंडकासाठी गहुंज्याच्या मैदानावर उतरतो, आणि त्याचे सामने पाहावयास फार थोडी माणसे जातात. त्या संघास कोणी हैदराबादला नेणार नाही, की कोणाच्या कराराची मुदत संपल्याने तो बुडणार नाही. जो संघ आपल्याला सोडून जाऊ शकत नाही, त्यालाच आपण सोडून दिले आहे. परक्या यजमानांना दोष देण्यापूर्वी पुणेकरांनी आणि मावळच्या शेजाऱ्यांनी हिवाळ्यातील एखादी सकाळ त्या रिकाम्या आसनांना द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.