घर उचलताना : चंद्रपूर-गडचिरोलीतील स्थलांतर आणि बांधाबांधीचा इतिहास

प्रस्तावना

स्थलांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर सामान्यतः दोन टोके असतात : गाव कोठून उठले आणि कोठे वसले. या दोहोंमधील काळ, म्हणजे छपराची कवेलू उतरविण्याचे, धान्य पोत्यांत भरण्याचे, काय न्यायचे आणि काय सोडायचे हे ठरविण्याचे दिवस, कागदपत्रांत क्वचितच उतरतात. हे काम बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हातचे असते आणि ते करताना कोणी नोंद ठेवीत बसत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली (२६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा एकच जिल्हा होता) या वनप्रदेशात गाव उठणे ही अपवादात्मक घटना नव्हे. त्यामुळे हे मधले दिवस तपासण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून हलविलेल्या गावांचा या अंगाने विचार केला आहे. पुनर्वसनाच्या हिशेबात कुटुंबे मोजली गेली. मात्र घर उचलण्यास लागणारा वेळ आणि श्रम त्या हिशेबात आले नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फिरते गाव

वनप्रदेशातील माणसाला घर हलविण्याची सवय नव्हती असे मानणे चुकीचे ठरेल. भामरागड-एटापल्लीच्या पूर्वेस, सीमेपलीकडील अबुझमाडच्या डोंगरांत राहणाऱ्या माडियांविषयी डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर लिहिले आहे. फिरती शेती करणारी ही गावे काही वर्षांनी आपली जागा बदलीत. घर लाकूड, बांबू आणि गवत यांचे. नव्या जागी हेच साहित्य हाताशी असे. त्यामुळे उचलण्याजोगे सामान थोडे असे : भांडी, हत्यारे, बियाणे, टोपल्या, कोंबड्या-डुकरे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. गाव हलले तरी ते कुळाच्या हद्दीतच राही आणि सोडलेल्या जागी पुढे-मागे परतही येई. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड मागे राहिले, तरी ते परक्या ठिकाणी राहिले असे होत नसे. दुसरे म्हणजे, कधी निघायचे हे गावच ठरवी. जमिनीचा कस, पीकपाणी, एखादा अपमृत्यू किंवा रोगराई अशी कारणे असत. परंतु तारीख बाहेरून येत नसे. वनखात्याच्या स्थापनेनंतर मध्य प्रांतात फिरत्या शेतीवर निर्बंध येत गेले आणि ही मोकळीक आटत गेली. पुढील काळातील स्थलांतराशी तुलना करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ताडोबातील गावे

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. अंधारी अभयारण्य १९८६ चे. या दोन्हींचा मिळून ६२५.४० चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात बोटेझरी, कोळसा, नवेगाव (रामदेगी), जामणी, पळसगाव आणि रानतळोधी अशी सहा गावे होती. त्यांपैकी बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग २००७ साली भगवानपूर येथे हलविण्यात आला. नवेगाव आणि जामणी ही गावे त्यापुढील दशकात उठली.

या तारखांकडे कायद्याच्या अंगाने पाहिले म्हणजे एक विलक्षण योग दिसतो. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला, पण त्याचा अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून सुरू झाला. या कायद्याच्या कलम ४(२) नुसार संरक्षित क्षेत्रातील हक्कधारकांना हलविण्यापूर्वी ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. शिवाय कबूल केलेल्या सोयी आणि जमीन नव्या जागी पूर्णपणे तयार झाल्याशिवाय स्थलांतर करता येत नाही. साध्या भाषेत सांगायचे तर तेथली चूल मांडून झाल्यावरच येथली चूल मोडायची. कायद्याने येथे बांधाबांधीचा क्रमच ठरवून दिला आहे. बोटेझरीची माणसे मात्र हा क्रम कायद्याच्या अंमलात येण्यापूर्वीच निघाली होती. मोबदल्याचेही तसेच. पूर्वी कुटुंबामागे एक लाख रुपये असलेली रक्कम २००८ साली दहा लाख करण्यात आली; पुढे ती पंधरा लाख झाली.

कुटुंब म्हणजे कोण ?

२००८ च्या योजनेत दोन पर्याय होते. एकात संपूर्ण रक्कम रोख घेऊन कुटुंबाने आपली व्यवस्था आपण करावयाची; दुसऱ्यात वनविभागाने पुनर्वसन करावयाचे. दुसऱ्या पर्यायात रकमेची विभागणी अशी होती : शेतजमीन व तिचा विकास ३५ टक्के, हक्कांची तडजोड ३० टक्के, घराची जागा व बांधकाम २० टक्के, सामूहिक सोयी १० टक्के आणि प्रोत्साहन ५ टक्के.

'कुटुंब' या शब्दाची व्याख्याही ठरविण्यात आली होती. अठरा वर्षांवरील मुलगा, मग तो विवाहित असो वा अविवाहित, स्वतंत्र कुटुंब. अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी किंवा बहीण स्वतंत्र कुटुंब. विधवा, घटस्फोटिता, अपंग व्यक्ती आणि आईवडील गमावलेले अज्ञान मूल यांचीही स्वतंत्र गणना. ही व्याख्या उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचा एक परिणाम मात्र असा की, भांडी बांधण्यापूर्वी घर कागदावर वेगळे होते. एका चुलीवर जेवणारी माणसे यादीत तीन-चार कुटुंबे होतात, आणि मुलगा अठरा वर्षांचा आहे की सतरा, हा प्रश्न लाखोंचा ठरतो. जन्माची नोंद जेथे बहुधा शाळेच्या दाखल्यावरच सापडते, आणि शाळेत न गेलेल्याची तीही नाही, तेथे घर हलविण्याची पहिली तयारी कागदांची असते : रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, मतदार यादीतील नाव, असल्यास सातबारा. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले हे कागद घरातील सर्वांत हलके आणि सर्वांत मोलाचे सामान ठरते.

तयारीचा महिना

वरील पाच शीर्षांत सामान बांधण्या-वाहण्याचा आणि त्यात बुडणाऱ्या दिवसांचा स्वतंत्र शीर्ष नाही. प्रत्यक्षात वाहनाची सोय झाली असेलही. परंतु हिशेबात ती गोष्ट धरलेली नाही. येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. प्रस्तुत लेखकाचे वडील शासकीय सेवेत होते आणि त्यांच्या बदल्यांमुळे आमचे घर तीन वेळा बांधले गेले. आईचा दंडक असा, की चुलीजवळचे सामान शेवटी बांधायचे आणि पहिल्यांदा सोडायचे. त्या धांदलीतही आम्हाला एक निश्चिंती होती. शासनाने कर्मचाऱ्याच्या बांधाबांधीची दखल घेतलेली आहे. पदग्रहण अवधीसंबंधीचे १९८१ चे नियम आहेत, बदलीच्या प्रवासभत्त्यात घरसामानाची वाहतूक येते आणि किती सामान न्यावे हे वेतनश्रेणीनुसार ठरते. दोन खोल्यांचे भाड्याचे घर हलविणाऱ्यास जी सवलत आहे, ती पिढ्यान्‌पिढ्यांचे घर हलविणाऱ्यास योजनेत नसावी, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

कोणत्या महिन्यात निघावे, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. या भागात मुख्य पीक धानाचे. कापणी व मळणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. धानाच्या बांधीत ओलीवर टाकलेली लाखोळी त्यानंतर हाती येते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडून पुडे बांधायचे. तेंदूचा हंगाम म्हणजे वर्षातील रोख पैशांचे दिवस. जूनमध्ये पुन्हा नांगरणी-पेरणी. कोरडा उन्हाळा सामान वाहण्यास सोयीचा खरा, पण त्याच दिवसांत निघणाऱ्या कुटुंबाची मोह आणि तेंदू ही दोन्ही उत्पन्ने हातची जाण्याची भीती असते. डिसेंबरपूर्वी निघावे तर उभे धान सोडावे लागते. बाहेरून आलेली तारीख आणि घराचे हे पंचांग यांचा मेळ बसणे कठीणच.

सामानाचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. मातीच्या भिंती नेता येत नाहीत. सागाचे खांब, फाटे, दारे आणि कवेलू नेता येतात, मात्र त्यासाठी राहते घर आधी मोडावे लागते. जाते आणि उखळ जड, शेणाने सारवलेली बांबूची ढोली बोजड आणि हलविताना फुटणारी. गुरे ट्रकमध्ये चढत नाहीत. ती पायी न्यायची तर दोन माणसे वेगळी काढावी लागतात. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने हे वास्तव स्पष्टपणे ओळखले असे म्हणता येईल. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबास वाहतूक खर्चापोटी एकरकमी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे आणि ती कशासाठी हेही लिहिले आहे : कुटुंब, बांधकामाचे साहित्य, चीजवस्तू आणि गुरेढोरे हलविण्यासाठी. शिवाय पहिल्या वर्षासाठी दरमहा तीन हजारांचा निर्वाह भत्ता स्वतंत्रपणे दिलेला आहे. गावाकडचा माणूस घरासह घर हलवितो, हे या एका ओळीत आले आहे.

न नेता येणारे

उरतात त्या ज्या कोणत्याही पेटीत मावत नाहीत अशा गोष्टी. मोहाचे झाड हे त्यांपैकी पहिले. रानात उभ्या असलेल्या कोणत्या मोहाखाली कोणी वेचायचे याची वहिवाट घराघरांत ठरलेली असते. सातबाऱ्यावर तिचा मागमूस नसतो. 'हक्कांची तडजोड' या ३० टक्क्यांत ती कशी बसवावी, हा प्रश्न वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केल्यानंतर अधिकच अवघड झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. तेथील ग्रामस्थांना आपली वहिवाट जागच्या जागी कागदावर आणता आली. जामणी-नवेगावच्या माणसांसमोर त्यानंतरच्याच वर्षांत ती रकमेत बदलून घेण्याचा प्रश्न उभा राहिला.

दुसरी गोष्ट देवाची. ताडोबा हे नाव ज्या तारू या गावप्रमुखावरून पडले, तो वाघाशी झुंजताना मरण पावला अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरत असे. आसपासच्या गावांतील आदिवासी बैलबंड्या जुंपून येत. पुढे संरक्षित क्षेत्राचे नियम कडक होत गेले, तसे यात्रेवरही निर्बंध आले. हा देव कोणी बांधून नेला नाही. घर उचलणाऱ्यांच्या सामानात त्याच्यासाठी नवस फेडण्याचा नारळ मात्र असे, आणि तो घेऊन परत येण्यासाठी आता प्रवेशद्वारावर परवानगी मागावी लागते.