वेरूळचा कातळ आणि समुद्रतळाचा चुना

१/ वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, शिखराकडून पायाकडे कोरले गेले. ज्या कातळात ते कोरले, तो मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या कातळाचा इतिहास वाचायचा तर खोल समुद्राच्या तळाशी जावे लागते.

२/ वेरूळ, अजिंठा, देवगिरी ही सारी दख्खनच्या लाव्ह्याची भूमी. तिचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्ह्यासोबत अमाप कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. त्यातला बराचसा समुद्राने शोषला आणि पाण्याची आम्लता वाढली.

३/ समुद्राच्या पृष्ठभागाजवळ फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म जीव चुन्याची कवचे बांधतात. ते मेले की कवचे तळाकडे झरतात. परंतु खोलवर पाणी थंड, दाब प्रचंड आणि कुजणाऱ्या जैव द्रव्यामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक. तेथे चुना विरघळू लागतो.

४/ १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचे नमुने गोळा केले. जॉन मरे यांना त्यांत एक क्रम दिसला: उथळ भागी पांढरा चुनखडीचा गाळ, अतिखोल भागी तांबडी माती. साधारण ४ ते ५ किलोमीटर खोलीवर वरून येणारा चुना आणि विरघळणारा चुना समसमान होतात. हिमरेषेच्या वरच बर्फ टिकते, तसा या रेषेच्या वरच चुना टिकतो.

५/ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या थरांत चुना एकाएकी घटतो आणि चिकणमातीचा काळसर पट्टा दिसतो. कवचे बांधणाऱ्या बहुतांश प्रजाती तेव्हा नष्ट झाल्या. त्याच सुमारास मेक्सिकोत उल्का आदळली होती. या विनाशात दख्खनचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

६/ जखम करणाऱ्या कातळाकडेच औषधही होते. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल बनते. ते बेसॉल्ट झिजवते आणि सुटलेले कॅल्शियम नदीतून समुद्रात जाते. तेथे त्याची कवचे होतात आणि कार्बन तळाशी गाडला जातो. पैठणवरून वाहणारी गोदावरी हेच काम आजही करते.

७/ मात्र या उपचाराला लाखो वर्षे लागतात. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. तळाचा चुना विरघळून ही आम्लता शमवील खरा, पण त्यालाही हजारो वर्षे हवीत. आपण धूर सोडला तो अवघ्या अडीच शतकांत.