रेशनकार्डावरचं उत्पन्न: काय धरलं, काय नाही

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "गटाचं कर्ज घेतलं तर रेशन बंद होईल का हो?" त्या भीतीनं त्या शेळ्यांसाठीचं कर्जच नको म्हणत होत्या. म्हणून आज आपण रेशनच्या उत्पन्नाचा इतिहास पाहू.

जून १९९७ पर्यंत रेशनचं धान्य सर्वसाधारणपणे सगळ्यांना एकाच दरानं मिळे. मग दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे असे भाग पडले. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर १ लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरं.

यात एकट्या नवऱ्याची कमाई धरत नाहीत. घरातल्या सगळ्यांची मजुरी, पगार, शेतीचं उत्पन्न, आपले दुधाचे नि शिलाईचे पैसे, सगळं एकत्र येतं. शिवाय पिवळ्या कार्डासाठी जमीनही पाहिली गेली. जिरायत २ हेक्टर, हंगामी बागायत १ हेक्टर, बारमाही बागायत अर्धा हेक्टर, ही मर्यादा होती. घरात टेलिफोन किंवा चारचाकी असली, कुणी आयकर भरत असलं, तरी पिवळं कार्ड नाही.

पुढे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून आपल्या राज्यात लागू झाला. घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख झाली. माणशी ५ किलो धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबात पिवळ्या कार्डांबरोबर केशरीतली काही घरंही आली. त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये.

आता हिशेब करू या. २०१४-१५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. त्या दरानं एका माणसाला ४४,००० कमवायला २६२ दिवस लागत. २०२४-२५ मध्ये मजुरी २९७ झाली, तेव्हा १४९ दिवस पुरत. नवरा-बायको दोघं कामावर गेली, तर अडीच महिन्यांत मर्यादा ओलांडली जाते. मजुरी वाढली तशी महागाईही वाढली, पण रेषा जागची हलली नाही. जास्त दिवस राबणारी बाई कागदावर श्रीमंत ठरते.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, ते फेडायचं असतं. शेळ्या विकून खर्च वजा जाता जे उरेल, ती कमाई. तेव्हा ताई, कर्ज जरूर घ्या आणि हिशेबाची वही ठेवा. उत्पन्नाचा दाखला काढताना खरं तेच सांगा, पण कर्जाचा आकडा कमाईत मिसळू देऊ नका.

आणि पुढच्या ग्रामसभेत आपण सगळ्या मिळून विचारू या, ४४,००० ची रेषा वाढणार कधी? हा ठराव लिहून घ्यायला लावू या.