तीन कूटकार आणि त्यांची उलटतपासणी

एखादा कारकून मोडी इतक्या झपाट्यानें लिहितो कीं, तें त्याचें त्यालाच वाचतां येतें. तो आपला कागद आपणच वाचून दाखवितो, एकही शब्द अडत नाहीं, आणि लेखन निर्दोष असल्याची ग्वाही देतो. अशी ग्वाही कोणी मानीत नाहीं. कागद परगांवच्या कारकुनाच्या हातीं दिल्याखेरीज त्याची परीक्षा होत नसते. संगणकाच्या जगांत गुप्त लेखनाचें जें शास्त्र गेल्या तीस वर्षांत वाढीस लागलें, त्याच्या इतिहासांत ही साधी गोष्ट वारंवार विसरली गेली, आणि तिची किंमतही वेळोवेळीं मोजावी लागली.

हा इतिहास अमेरिकेंत सुरू होतो. नेटस्केप या कंपनीनें आपल्या ब्राउझरसाठीं १९९५ सालीं एस.एस.एल. नांवाची संभाषणपद्धति प्रसिद्ध केली. ती सदोष ठरली, म्हणून १९९६ सालीं तिची तिसरी आवृत्ति निघाली. पुढें १९९९ सालीं इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें तिला टी.एल.एस. असें नांव दिलें. नांव बदललें, तरी गोत्र बदललें नाहीं, टी.एल.एस.ची पहिली आवृत्ति तारेवरून स्वतःची ओळख ‘३.१’ अशीच सांगते. पद्धति थोडक्यांत अशी: दोन यंत्रें प्रथम एकमेकांस अभिवादन करतात. एक सांगतें कीं, आपणांस अमुक आवृत्त्या व अमुक कूटपद्धति अवगत आहेत. दुसरें त्यांतून निवड करतें, आपलें प्रमाणपत्र दाखवितें, आणि दोघांच्या देवघेवींतून एक गुप्त किल्ली सिद्ध होते. बँकेचें पान उघडतांना हें सारें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं उरकतें.

नियम एक, पण भाष्यकार तीन झाले. संगणकाच्या परिभाषेंत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें कपाट नव्हे. इतर कार्यक्रमांनीं उसना घ्यावा असा तयार आज्ञांचा तो संच असतो. गुप्त लेखनाची पहिली लायब्ररी नेटस्केपची स्वतःची. तिच्या वंशांतील एन.एस.एस. आज फायरफॉक्स ब्राउझरमध्यें नांदते. दुसरी ऑस्ट्रेलियांत जन्मली. एरिक यंग व टिम हडसन या दोघांनीं १९९५ सालीं ती लिहावयास घेतली, आणि यंग यांच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून तिला एस.एस.एल.ई.ए.वाय. असें विलक्षण नांव दिलें. ते दोघे दूर झाल्यावर १९९८ च्या डिसेंबरांत इतरांनीं तीच पुढें चालविली. तीच ओपनएसएसएल होय. तिच्या परवान्यांतील अटी जी.पी.एल. या परवान्याशीं जुळत नव्हत्या, म्हणून २००० सालीं निकोस माव्हरोयानोपुलोस यांच्या पुढाकारानें ग्नूटीएलएस ही तिसरी लायब्ररी उभी राहिली. तंट्याचें मूळ परवान्यांत होतें. गणिताशीं त्याचा संबंध नव्हता.

लिनक्सवर आधारलेल्या फेडोरा या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकाच छपराखालीं हे तिघेही भाऊ राहतात. तेथें अपाची हा सर्व्हर ओपनएसएसएल वापरतो, फायरफॉक्स एन.एस.एस. वापरतो, आणि आणखी कित्येक कार्यक्रम ग्नूटीएलएसवर विसंबतात. सर्वांनीं एन.एस.एस.च वापरावी असा एक प्रयत्न फेडोरामध्यें झाला होता. तो तडीस गेला नाहीं. कर्ल हा प्रसिद्ध कार्यक्रम कांहीं वर्षें एन.एस.एस.च्या घरीं राहिला आणि २०१७ सालीं ओपनएसएसएलच्या घरीं परतला. एकत्र कुटुंब मोडतां येत नाहीं, हें कळल्यावर निदान चुली एकमेकींस ओळखतात कीं नाहीं, हें पाहणें भाग पडलें. त्यांतूनच रेड हॅट व फेडोरा येथील परीक्षकांनीं या तीन लायब्रऱ्यांना एकमेकींसमोर बसविण्याचा उद्योग आरंभिला.

प्रत्येक लायब्ररी स्वतःची परीक्षा स्वतः घेतेच. मग हा उपद्व्याप कशासाठीं? याचें उत्तर एका शून्यांत आहे. डिफी व हेलमन यांच्या रीतीनें दोन यंत्रें जी सामाईक संख्या सिद्ध करतात, तिच्या आरंभीं कधीं कधीं शून्य बाइट येतो. टी.एल.एस. १.२ पर्यंतचा नियम असा कीं, तें शून्य टाकून द्यावें. टी.एल.एस. १.३ चा नियम असा कीं, तें ठेवावें. आतां समजा, एखाद्या लेखकानें हा फरक ध्यानांत घेतला नाहीं. त्याची लायब्ररी स्वतःशीं बोलेल, तेव्हां दोन्ही बाजूंकडून एकच चूक होईल आणि संभाषण सुरळीत पार पडेल. ती परक्या लायब्ररीशीं बोलूं लागली, तरीही २५६ पैकीं सुमारें २५५ वेळां कांहींच बिघडणार नाहीं. उरलेल्या एका वेळीं दोघांच्या किल्ल्या निराळ्या होतील व संबंध तुटेल. वापरणारा पुन्हां बटण दाबील, काम होईल, आणि तो तारेला दोष देऊन विसरून जाईल. अशी चूक वर्षानुवर्षें जिवंत राहूं शकते. ती परीक्षा परक्याशीं घेतली पाहिजे, आणि एकदां घेऊन भागत नाहीं. शेंकडों वेळां घेतली पाहिजे.

परंतु गैरसमज वेळेवर दुरुस्त न करतां खपवून घेतला, तर काय होतें, याचा धडा याहून कडू आहे. ज्या आवृत्तीचें नांव ठाऊक नाहीं ती पुढें आली, तर सर्व्हरनें नम्रपणें आपली जुनी आवृत्ति सुचवावी, असा नियम होता. कित्येक सर्व्हर तसें न करतां संभाषणच तोडून टाकीत. ग्राहक नाराज होऊं नये म्हणून ब्राउझरवाल्यांनीं तोडगा काढला: संबंध तुटला तर खालची आवृत्ति घेऊन पुन्हां हांक मारावी, तीही न चालली तर आणखी खालची. सोय झाली; पण चोरालाही वाट मिळाली. मध्यें बसलेल्या माणसानें मुद्दाम दोनतीनदां तार तोडावी, म्हणजे दोन सशक्त यंत्रें आपण होऊन १९९६ सालच्या जीर्ण एस.एस.एल. ३.० पर्यंत उतरत. ऑक्टोबर १९१४ नव्हे, तर चांगल्या २०१४ सालच्या ऑक्टोबरांत गूगलच्या बोडो म्योलर, थाय डुओंग व क्रिश्तोफ कोतोविच या तिघांनीं ‘पूडल’ नांवाचा हल्ला प्रसिद्ध केला. त्यांत सरासरी २५६ प्रयत्नांत गुप्त मजकुराचा एक बाइट उलगडत असे. पुढच्याच वर्षीं, २०१५ च्या जूनमध्यें, एस.एस.एल. ३.० वर औपचारिक बंदी आली. या हल्ल्याला दार जुन्या पद्धतीच्या दोषानें दिलें खरें. पण आधुनिक यंत्रांना त्या दारापर्यंत नेलें तें परस्परांची भाषा न जुळण्यानें.

याचा परिणाम असा झाला कीं, ऑगस्ट २०१८ मध्यें टी.एल.एस. १.३ प्रसिद्ध झाली, तेव्हां तिला वेष पालटून यावें लागलें. अभिवादनाच्या मथळ्यावर ती आजही आपली आवृत्ति १.२ अशीच लिहिते, आणि खरें नांव आंत एका पुरवणींत सांगते. नवी, सशक्त पद्धति, पण जुन्या पहारेकऱ्यांनीं अडवूं नये म्हणून जुन्याच अंगरख्यांत!

आतां या परीक्षेचा व्याप पाहावा. तीन लायब्रऱ्या, एकदां ही सर्व्हर व ती ग्राहक, मग उलट, म्हणून परक्या जोड्या ६. किल्लीचे प्रकार २, आवृत्त्या २, ग्राहकाचें प्रमाणपत्र मागितलेलें किंवा न मागितलेलें, जुनें संभाषण पुढें चालविलेलें किंवा नवें. गुणाकार ९६ होतो, आणि यांत कूटपद्धतींची गणती धरलेलीच नाहीं. प्रत्येक लायब्ररीबरोबर सर्व्हराचें व ग्राहकाचें सोंग घेणारे लहान कार्यक्रम मिळतात. त्यांच्याकडून हीं संभाषणें करवून घेऊन निकाल यंत्रच टिपून ठेवतें.

परीक्षा बांधणें सोपें. ती सांभाळणें कठीण. परीक्षेसाठीं केलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपते, आणि सर्व उत्तरें एका रात्रींत चुकतात. एखादा कार्यक्रम आपल्या छापील उत्तरांतील एक शब्द बदलतो, आणि तो शब्द शोधणारी परीक्षा नापास होते. असे खोटे बोभाटे चारदां झाले कीं, पांचव्या खऱ्या बोभाट्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. याहून घातक म्हणजे खोटें यश. टी.एल.एस. १.२ ची परीक्षा असें नांव असावें, यंत्रांनीं आपसांत १.३ निवडावी, आणि पाटीवर ‘उत्तीर्ण’ उमटावें, हा प्रकार सहज घडतो; म्हणून कोणत्या आवृत्तीनें व कोणत्या पद्धतीनें गांठ पडली, हेंही तपासावें लागतें.

शिवाय नियमच बदलतात. २०१४ सालच्या फेडोरा २१ पासून सर्व लायब्रऱ्यांना एकाच ठिकाणाहून हुकूम देणारें सामाईक धोरण आलें. त्या धोरणानें २०२० सालच्या फेडोरा ३३ मध्यें टी.एल.एस. १.० व १.१ नेहमींच्या वापरांतून काढल्या. काल जी गांठ पडणें हें यश होतें, तीच आज पडली तर अपयश! परीक्षकानें जुना प्रश्न खोडून चालत नाहीं. उत्तर उलटें करून तो ठेवावा लागतो. नकार द्यावयाचा तो तिघांनींही द्यावा, आणि तोही योग्य कारणासाठीं. सर्व्हर सुरूच झाला नाहीं म्हणून मिळालेला नकार कामाचा नसतो.

आणि आतां नवा पाहुणा आला आहे. पुढें पुंज-संगणक सिद्ध झाले, तर आजच्या किल्ल्या निरुपयोगी होतील, या भीतीनें अमेरिकेच्या मानक संस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें एम.एल.-केम ही रीत मान्य केली. तिच्या मधल्या आकाराची जाहीर किल्ली १,१८४ बाइटांची आहे. जुन्या एका लोकप्रिय रीतीची अवघी ३२ बाइटांची असे. त्यामुळें पूर्वीं एका पाकिटांत मावणारें अभिवादन आतां दोन पाकिटांत जातें, आणि २०२४ सालीं क्रोम ब्राउझरनें अशी किल्ली पाठवूं लागतांच दुसऱ्या पाकिटाची वाट न पाहणारीं कांहीं यंत्रें गोंधळलीं. यापूर्वीं असेंच घडलें होतें: अभिवादन २५६ ते ५११ बाइटांच्या दरम्यान असलें कीं, कांहीं सर्व्हर निश्चल बसून राहत. त्यावर २०१५ सालीं उपाय ठरला तो असा कीं, मजकुरांत रिकामे बाइट भरून तो ५१२ पर्यंत फुगवावा. ओपनएसएसएलनें नवी रीत एप्रिल २०२५ मध्यें आपल्या ३.५ या आवृत्तींत घेतली. परीक्षकांच्या तक्त्यांत किल्लीच्या देवघेवीचा एक नवा रकाना वाढला आहे, आणि त्यांतील प्रत्येक जोडी पुन्हां समोरासमोर बसविणें चालू आहे.