तलावाच्या पाळीवरची मदत

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव आणि त्याच नावाचा तलाव आहे. पर्यटक हे नाव जंगलाच्या प्रवेशद्वारामुळे ओळखतात. तलावाचा इतिहास मात्र भाताशी आणि दुष्काळाशी बांधलेला आहे.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पाऊस कमी नाही. पण उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला आश्विनातले शेवटचे पाणी लागते. ते चुकले की लोंब्या पोचट राहतात आणि चांगली रोवणीही वाया जाते. या एका पाण्यासाठी इथल्या माणसांनी शेकडो वर्षे तलाव आणि बोड्या (लहान तळी) बांधल्या. त्यात कोहळी समाज अग्रेसर होता. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची प्रथा पाडली. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातही हे काम चालू राहिले. म्हणजे प्रेरणा निव्वळ परोपकाराची नव्हती. तरीही तळे बांधणे हे धर्मशास्त्राने सांगितलेले पूर्तकर्म होते आणि गावात त्याचा मान मोठा होता. नवेगाव बांधचा तलाव बांधणारा कोलू पाटील पुढे कोलासुर देव म्हणून पुजला गेला. दुसऱ्याच्या बांधीत (भातखाचरात) पाणी पोचवण्याचे समाधान आणि स्वतःचा लौकिक यांची इथे फारकत करता येत नाही.

तलाव बांधून काम संपत नसे. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाट मोकळे ठेवणे ही कामे दरवर्षीची, आणि ती अनेक हातांनीच व्हायची. इंग्रजी अमलात गावाचा सारा भरणारे मालगुजार जमिनीचे मालक ठरले आणि सिंचनाचे व निस्ताराचे (रोजच्या वापराचे) हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कनोंदीत लिहिले गेले. मात्र मालगुजारीत वेठही होती. प्रत्येक श्रमदान खुशीचे होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

खरी कसोटी 1896 मध्ये लागली. त्या वर्षी, हा भाग ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांतात पावसाने ऐन धान भरण्याच्या वेळी पाठ फिरवली. त्यातून सावरण्याआधीच 1899-1900 चा, लोकांच्या तोंडी विक्रम संवताच्या वर्षावरून ‘छप्पन्नचा’ दुष्काळ आला. जुलै 1900 मध्ये प्रांतात वीस लाखांहून अधिक लोक सरकारी मदतीवर जगत होते. धडधाकटांना खडी फोडणे, रस्ते आणि तलावांची खोदाई, तर अशक्तांना अन्नछत्र किंवा गावातच रोख मदत, अशी विभागणी होती. या कामांवरची मजुरी पोटापुरतीच असे. 1897 मध्ये देशभर जमलेल्या धर्मादाय निधीने सरकारी मदतीत न बसणाऱ्या गरजा पाहिल्या: अनाथ मुले, कामावर येण्याची लाज वाटणारी प्रतिष्ठित घराणी, आणि विशेषतः बी-बियाणे व बैल. कोरड्या वर्षी बैल विकलेल्या कुणब्याला पुढच्या पेरणीपूर्वी उभे करणे, ही त्या काळातली सर्वांत शहाणी मदत म्हणावी लागेल.

दुष्काळानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने (1901-03) मध्यप्रांतासाठी संरक्षक सिंचनकामांची शिफारस केली. त्यानंतरच्या दोन दशकांत या भातपट्ट्यात सरकारी तलावांची रांग उभी राहिली. शेजारचा बोदलकसा 1917 च्या आणि चोरखमारा 1923 च्या सुमारास पूर्ण झाला. कोहळ्यांच्या हातात असलेली विद्या आता अभियंत्यांच्या नकाशावर आली.

1951 मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, थोडक्यात मामा तलाव म्हणवले जाऊ लागले. मालक उरला नाही तशी जबाबदारीही धूसर झाली आणि अनेक तलाव गाळाने भरले. दुष्काळी कामाची कल्पना मात्र टिकली आणि बदललेल्या रूपात पुन्हा वर आली. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. 1977 च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा फेब्रुवारी 2006 मध्ये लागू झाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात गोंदिया होता. तलावांची दुरुस्ती पुन्हा मजुरीचे साधन झाली, आता दानाऐवजी हक्काने.

अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या संस्थेबरोबर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी तलावांतले बेशरम हे तण उपटले आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. माशांच्या स्थानिक जाती परतू लागल्या आणि त्याबरोबर मासेमारी सहकारी संस्थांचे उत्पन्नही.